बऱ्हाणपूरचे पाणी आणि नेपाचा कागद

नळाला पाणी येते तोवर पाण्याचा विचार कोणी करीत नाही, आणि सकाळी दारात वर्तमानपत्र पडते तोवर त्याचा कागद कोठून आला असेल असा प्रश्न कोणाला पडत नाही. पुरवठा ही गोष्टच अशी आहे की ती असताना जाणवत नाही. नसली म्हणजे मात्र दुसरे काही सुचत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जमीन खचून ओपाहून येणाऱ्या जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा भर पावसाळ्यात, मांडवी दुथडी भरून वाहत असताना, पणजी आणि तिसवाडीतील नागरिकांना कित्येक दिवस पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसावे लागले. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि कोकण रेल्वेच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या किंवा लांबच्या मार्गाने वळवाव्या लागल्या. दोन्ही वेळी वस्तूचा तुटवडा नव्हता. वस्तू होती, मागणी होती, पैसाही होता. मधली वाट तेवढी तुटली होती.

अशी वाट तुटू नये, आणि तुटलीच तर समाजाचे अडू नये, यासाठी काय करावे याची चर्चा जगभर चालू आहे. तंत्रज्ञान हा या चर्चेतील परवलीचा शब्द. मालाचा डबा कोठे पोचला हे उपग्रहाच्या साह्याने कळते, गोदामात किती साठा उरला हे संगणक सांगतो, आणि पुढचा तुटवडा केव्हा पडेल याचे भाकीत करणारी यंत्रणाही आता बाजारात मिळते. या साधनांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तंत्रज्ञानाने पुरवठ्याला बळकटी केव्हा येते आणि केव्हा नुसताच बळकटीचा भास होतो, हे तपासून पाहायचे असेल तर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यासारखे ठिकाण विरळा. पुरवठ्याची निश्चिती व्हावी एवढ्याच हेतूने उभारलेली दोन मोठी कामे या एका जिल्ह्यात आहेत. एक सतराव्या शतकातले, पाण्याचे. दुसरे विसाव्या शतकातले, कागदाचे. पहिले चारशे वर्षे टिकले. दुसरे साठेक वर्षांतच बंद ठेवण्याची पाळी आली.

बऱ्हाणपूर हे मराठी वाचकाला परके नाव नव्हे. तापीच्या काठी वसलेले हे शहर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. अकबराने १६०१ साली जवळचा अशीरगड जिंकून खानदेश ताब्यात घेतला, आणि तेव्हापासून बऱ्हाणपूर हा मोगलांचा दख्खनेतील मुख्य तळ बनला. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी प्रत्येक मोगली फौज येथे विसावा घेई. दाणागोटा, तोफा, कापड, खजिना येथूनच पुढे जाई. १६८१ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरील बहादूरपुरा लुटून मोगलांना जो तडाखा दिला, तो याच मर्मस्थानावर होता. ज्या शहरावर साम्राज्याचा एवढा भार, त्या शहराचे पाणी शत्रूने तोडले किंवा दुष्काळाने आटले तर सारी मोहीम कोसळणार हे कोणाही मुत्सद्द्याला कळण्यासारखे होते.

तापी शेजारून वाहत होती हे खरे. पण नदीचे पाणी उघडे. त्यात विष कालवता येते, काठ अडवता येतो. म्हणून जहांगीराच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, मोगल सुभेदार अब्दुर रहीम खानखाना याने निराळी वाट धरली. दोहे रचणारा कवी म्हणून ज्याची ओळख उत्तर हिंदुस्थानात घरोघर आहे तोच हा रहीम. तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने शहराच्या आसपासचा मुलूख पाहिला आणि त्याच्या ध्यानात आले की सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जाते. हे झिरपते पाणी वाटेतच भुयारात गोळा करून शहराकडे न्यायचे, ही त्याची योजना. यातूनच बऱ्हाणपूरचे भूमिगत जलाशय आणि कालवे निर्माण झाले. अशा एकूण ८ योजना केल्या गेल्या; त्यांतील २ पूर्वीच नष्ट झाल्या. उरलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध तो कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडारा असेही म्हणतात.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. जमिनीखाली सुमारे ८० फुटांवर एक भुयार आहे. त्याला अगदी मंद उतार दिलेला आहे. या उतारावरून पाणी आपोआप वाहते. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. भुयाराच्या वर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. त्यांनाच कुंडी म्हणतात. अशा शंभराहून अधिक कुंड्यांची रांग सुमारे ४ किलोमीटरपर्यंत जाते. कुंडीतून भुयारात हवा खेळते, उजेड जातो, आणि गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शकतो. पाणी पुढे जाळी करंज नावाच्या हौदात येते आणि तेथून मातीच्या व दगडी नळांनी शहरात वाटले जाई.

हे तंत्र मूळचे इराणचे. तेथे त्याला कनात म्हणतात, आणि २०१६ साली इराणी कनातींना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बऱ्हाणपूरच्या योजनेचे नावही २०२४ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहे. याच काळात खानखानाशी दख्खनेत झुंजणारा मलिक अंबर आपल्या खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, याच जातीची नहर बांधीत होता. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेले हे दोघे पुरुष पाण्याच्या बाबतीत मात्र एकाच निष्कर्षाला आले होते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांपैकी दोघेही नव्हते.

या जुन्या कामात तीन गुण दिसतात. पहिला असा की सारे शहर एका झऱ्यावर टांगलेले नव्हते. ८ योजना होत्या, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी होती. दुसरा गुण असा की चालू राहण्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नव्हते. जमिनीचा उतार चोरीला जात नाही आणि त्याचा भावही वाढत नाही. तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, गुण हा की बांधणाऱ्याने दुरुस्तीची सोय बांधकामातच करून ठेवली होती. भुयार कोठे तुंबले हे कळण्यासाठी सारी जमीन उकरावी लागत नव्हती. जवळच्या कुंडीतून खाली उतरले की पुरे. काम बिघडणार हे गृहीत धरून ज्याने ते केले, त्याचेच काम टिकले.

आज या कुंड्यांनाही धोका आहे. पाण्यातील चुना भुयाराच्या भिंतींवर थरावर थर चढवतो आणि झिरपण्याची छिद्रे बुजवतो. ज्या उतारावर पाणी मुरते तेथे खोल कूपनलिका पडल्या की भुयारात उतरणारे पाणी वरच्यावर ओढले जाते. खानखानाला ज्याची कल्पनाही नव्हती ते तंत्रज्ञान आज या कामी येऊ शकेल: भूजलाची पातळी नित्य मोजणारी उपकरणे, भुयारात सोडता येणारे कॅमेरे, मुरणक्षेत्राचे उपग्रहावरून काढलेले नकाशे. परंतु नकाशा काढल्यावर त्या क्षेत्रात कूपनलिका खणू न देण्याचे धैर्य उपग्रह देत नाही. ते माणसांनाच दाखवावे लागते.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. बऱ्हाणपुराहून खंडव्याकडे जाताना रेल्वेमार्गावर नेपानगर लागते. हे नाव कोणा देवाचे किंवा राजाचे नाही. नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नेपा हा शब्द झाला आणि गिरणीभोवती वसलेल्या गावाला तेच नाव पडले. जानेवारी १९४७ मध्ये एक खाजगी कंपनी म्हणून या उद्योगाची नोंदणी झाली. त्यामागचे कारण वृत्तपत्रसृष्टीला चांगले माहीत होते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कागदाची जहाजे येईनाशी झाली आणि हिंदुस्थानातील वर्तमानपत्रांची पाने सरकारी हुकमाने कापली गेली. स्वातंत्र्य दाराशी आलेल्या देशाला, ज्या कागदावर आपले विचार छापायचे तो कागदही सातासमुद्रांपलीकडून आणावा लागत होता.

खाजगी कंपनीला हा भार पेलवला नाही. १९४९ साली तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारने व्यवस्थापन हाती घेतले, २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी गिरणी राष्ट्राला अर्पण केली, आणि १९५९ साली तीवरील नियंत्रण केंद्र सरकारकडे गेले. सातपुड्यातील सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून येथे वृत्तपत्री कागद होऊ लागला. १९८१ पर्यंत वृत्तपत्री कागद करणारी देशातील ही एकमेव गिरणी होती. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांनी लहानपणी जी वर्तमानपत्रे वाचली, त्यांतील कित्येकांचा कागद या गिरणीतून आलेला होता.

या कामगिरीचे मोल कमी लेखू नये. तरीही कुंडी भंडाऱ्यात जे तीन गुण दिसतात त्यांतील एकही नेपाच्या उभारणीत नव्हता, हे कबूल केले पाहिजे. सारी गिरणी एका जंगलावर अवलंबून होती. सालई आणि बांबू तोडण्याचा वेग त्यांच्या वाढीच्या वेगाला मागे टाकणार हे आरंभापासून दिसत होते. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कारखान्यांना सवलतीच्या दराने वनोपज देण्याची पद्धत बंद करण्याचे धोरण स्वीकारले, आणि गिरणीला रद्दी कागदाकडे वळावे लागले. दुसरे असे की तिचे ग्राहकही स्वेच्छेने आलेले नव्हते. आयातीवर नियंत्रण होते म्हणून वर्तमानपत्रे तिचा कागद घेत होती. नव्वदच्या दशकात आयात मोकळी झाली, तेव्हा स्वस्त आणि तलम परदेशी कागदापुढे नेपाचा माल मागे पडला. आणि तिसरे, संरक्षणाच्या काळात जी यंत्रे नवी करायला हवी होती ती जुनीच राहिली. गाळ साचत होता, परंतु आत उतरून पाहण्यासाठी कुंडीच ठेवलेली नव्हती.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. पुरवठा देशी असला म्हणजे तो निर्धोक झाला, असे मानणाऱ्यांनी १९७२ साल आठवावे. १९६२ च्या नियंत्रण आदेशानुसार कोणत्या वर्तमानपत्राने किती कागद वापरावा हे सरकार ठरवीत होते. १९७२-७३ च्या धोरणाने तर पानांची संख्या १० वर रोखली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात हे निर्बंध घटनाबाह्य ठरवले. कागदाच्या वाटपाच्या नावाखाली मतप्रसारावर मर्यादा घालता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. ज्याच्या हाती कागदाची एकमेव किल्ली, त्याच्या हाती लेखणीही जाते. ती किल्ली परदेशी व्यापाऱ्याकडे असो वा स्वदेशी सरकारकडे, एकमेव असणे हाच खरा धोका.

नेपाच्या पुनरुज्जीवनाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१२ साली मंजूर केली. २०१६ मध्ये यंत्रे बदलण्यासाठी उत्पादन थांबवले गेले. काम रेंगाळले, २०१८ साली आणखी सुमारे ४६९ कोटी रुपयांचे साह्य द्यावे लागले. अखेर २३ ऑगस्ट २०२२ रोजी गिरणीचे पुन्हा उद्घाटन झाले. रद्दीवरील शाई काढून लगदा करणारा नवा विभाग आणि वर्षाला १ लाख टनांची क्षमता असे तिचे नवे रूप आहे.

या तारखा वाचकांनी जरा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जगभर वर्तमानपत्रांचा खप घसरला, आणि परदेशांतील अनेक कागद गिरण्या बंद झाल्या किंवा खोक्यांचा कागद करू लागल्या. २०२२ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फिनलंडमधील एका बड्या कागद कंपनीत दीर्घ संप चालला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रशिया हा भारताला वृत्तपत्री कागद पुरवणारा एक मोठा देश. जहाजे, विमा, पैसे चुकते करण्याचे मार्ग, सारेच एकदम अडले. कागदाचे भाव दुपटीच्या आसपास गेले, अनेक दैनिकांनी पाने कमी केली आणि लहान जिल्हा-दैनिकांचे तर कंबरडेच मोडले. जी गिरणी युद्धकाळातील तुटवड्याच्या आठवणीतून जन्मली होती, ती नेमकी या युद्धाच्या पहिल्या सहा महिन्यांत बंद होती. याहून कठोर शिक्षण कोणते?

टाळेबंदीने आणखी एक धडा दिला. मार्च २०२० मध्ये मुंबईत वर्तमानपत्रांचे वाटप थांबले, आणि एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने काही काळ घरोघर अंक टाकण्यावर निर्बंध आणले. त्याचा परिणाम बातम्यांपुरता नव्हता. अंक घरात आला नाही, म्हणून घरातून रद्दी निघाली नाही. रद्दीवाला दारावर आला नाही, म्हणून रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरण्यांना कच्चा माल मिळेना. आजचा देशी वृत्तपत्री कागद बव्हंशी कालच्या वर्तमानपत्रांतूनच तयार होतो. म्हणजे ही साखळी सरळ रेषेत नसून वर्तुळाकार आहे, आणि त्या वर्तुळातील सर्वांत दुर्लक्षित माणूस, खांद्यावर तराजू घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा रद्दीवाला, हा तिचा आधार आहे. कोणत्याही संगणकी आराखड्यात त्याचे नाव नसते.

मग तंत्रज्ञानाने काय करावे? प्रथम त्याने दिसत नाही ते दाखवावे. २०११ च्या भूकंप आणि सुनामीनंतर जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या पुरवठादारांचीच नव्हे, त्यांच्याही पुरवठादारांची माहिती गोळा करण्यास आरंभ केला, आणि जे सुटे भाग मिळण्यास वेळ लागतो त्यांचा काही महिन्यांचा साठा ठेवण्याचा आग्रह धरला. माल अगदी वेळेवर यावा, गोदामात पडून राहू नये, या पद्धतीचा जगाला धडा देणारी हीच कंपनी. पण २०२१ साली संगणकी चकत्यांचा दुष्काळ पडला, तेव्हा आरंभीच्या काही महिन्यांत ती इतर मोटार कंपन्यांहून पुष्कळच सावरलेली होती. त्या यादीचा खरा उपयोग असा झाला की संकटाआधीच कोणत्या वस्तूचा साठा करायचा हे ठरवता आले.

दुसरे, तंत्रज्ञानाने पर्याय वाढवावेत. तामिळनाडूच्या सरकारी कागद कंपनीने १९८४ पासून उसाच्या चिपाडांपासून वृत्तपत्री कागद करून दाखवला. लाकूड, चिपाड, रद्दी, या तिन्हींतून लगदा करता येणारा देश एका जंगलाच्या किंवा एका बंदराच्या दयेवर राहत नाही. नेपाची नवी यंत्रे परदेशी रद्दीवरच चालवली गेली, तर लाकडाची गुलामी जाऊन रद्दीची आली एवढेच म्हणावे लागेल. मध्य प्रदेश, खानदेश आणि विदर्भ यांतील शहरांची रद्दी नीट निवडून, तिच्या वजनाची व प्रतीची नोंद ठेवून, नेपानगरला नियमाने पोचेल अशी व्यवस्था उभारणे, हे काम दिसायला सामान्य. पण गिरणीचे भवितव्य त्यावर आहे. त्यात रद्दीवाल्याला ठरलेला भाव आणि वेळेवर पैसे मिळाले पाहिजेत, हे ओघानेच आले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परदेशी कागद स्वस्त मिळत असताना जनतेचे शेकडो कोटी एका तोट्यातील गिरणीवर का घालावेत? शिवाय कागदी वर्तमानपत्रांचेच दिवस भरत आले असताना? आमचे उत्तर असे की तोटा मोजताना नेहमीच्या दिवसांचा हिशेब एकट्याने पुरत नाही. वाईट दिवसांचाही धरावा लागतो. बऱ्हाणपूर शेजारी तापी वाहत असताना जमिनीखाली भुयारे खोदणे हाही कोणा हिशेबनिसाला उधळेपणा वाटला असेल. मात्र विम्याचा हप्ता भरायचा तर विमा वेळेला उपयोगी पडला पाहिजे, ही अट गिरणीलाही लागू आहे. दुरुस्तीसाठी सहा वर्षे बंद राहणारी गिरणी विमा ठरत नाही. सरकारने तिला पैसा द्यावा, पण त्याबरोबर यंत्रांच्या देखभालीचा, कच्च्या मालाच्या साठ्याचा आणि उत्पादनाचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे मांडावा. ती कुंडी उघडी राहिली पाहिजे.

गोव्यासारख्या लहान राज्याला यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. घाटातील दोन-चार रस्ते आणि दोन रेल्वेमार्ग यांवर आमचे धान्य, भाजी, दूध, औषधे आणि हा कागदही येतो. पाणी थोड्या योजनांवर अवलंबून आहे. जलवाहिन्यांवर दाब मोजणारी यंत्रे बसवा, दरडींची पूर्वसूचना देणारी उपकरणे लावा, ती हवीतच. पण वाहिनी फुटल्याची वर्दी तत्काळ मिळूनही दुसरी वाहिनी नसेल, तर ती वर्दी ऐकून करायचे काय? गावोगावच्या विहिरी आणि झरी बुजवून टाकणारा समाज मोजणीची यंत्रे लावून सुरक्षित होत नाही. ओपाची वाहिनी फुटली त्या आठवड्यात ज्यांच्या परसात वापरती विहीर होती, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

खानखानाचे साम्राज्य गेले, फौजा गेल्या, बऱ्हाणपुराचे वैभवही ओसरले. भुयारातील पाणी मात्र अजून वाहते, कारण ते वाहते ठेवण्याची सोय करणाऱ्याने आपल्या मागून येणाऱ्या झाडूवाल्याचाही विचार केला होता. नेपाच्या नव्या यंत्रांना, आणि आमच्या स्वतःच्या नळांना, तेवढ्याच विचाराची आवश्यकता आहे.